कूलिंग टॉवर : हवेच्या वाटा आणि पाण्याचा हिशेब

नागझिरा अभयारण्याच्या भोवतालच्या गावांतून तिरोड्याकडे जाताना औष्णिक वीज केंद्राचा परिसर दुरूनच नजरेत भरतो. पावसाळ्यात आणि थंडीच्या सकाळी तेथून पांढरे लोट वर चढताना दिसतात. गावात त्याला सरसकट 'कारखान्याचा धूर' म्हटले जाते. वास्तविक धूर उंच चिमणीतून निघतो आणि पांढरे लोट निघतात ते कूलिंग टॉवरमधून. तो धूर नसून पाण्याची वाफ असते, आणि ती वाफ म्हणजे नदीचे पाणी होय.

तिरोड्याचे केंद्र ३३०० मेगावॅट क्षमतेचे असून त्यात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. त्याला लागणारे पाणी वैनगंगेचे. त्याच वैनगंगेवर आपल्या भागातील धान, पिण्याचे पाणी आणि मासेमारी अवलंबून आहे. त्यामुळे कूलिंग टॉवर हा केवळ इंजिनिअरांचा विषय राहत नाही. आयटीआय, तंत्रनिकेतन किंवा विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तो परीक्षेत व मुलाखतीत उपयोगी पडेल. पण ज्यांना अशी नोकरी करायची नाही, त्या सभासदांनाही तो समजला पाहिजे. प्रस्तुत लेखात टॉवरमधून हवा खेळविण्याच्या निरनिराळ्या रचनांची तुलना केली आहे आणि शेवटी एका प्रश्नाचे उत्तर शोधले आहे : रचना बदलली तर नदीचे पाणी वाचते का?

१. पाणी थंड करावेच का लागते?

कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, त्या वाफेने टर्बाइन फिरवायचे व त्यावर वीज निर्माण करायची, हे आपण शाळेत शिकतो. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते. हे काम कंडेन्सरमध्ये होते. हजारो नळ्यांतून थंड पाणी वाहते व नळ्यांच्या बाहेरून वाफ निवते. वाफ जितकी चांगली निवेल तितकी कंडेन्सरमध्ये निर्वात पोकळी चांगली राहते आणि तेवढ्याच कोळशात अधिक वीज मिळते. थंड पाणी दोन-चार अंशांनी गरम आले तरी पोकळी बिघडते व कोळसा जास्त जळतो.

आधुनिक केंद्रातही कोळशातील उष्णतेच्या १०० भागांपैकी सुमारे ४० भागांचीच वीज होते. उरलेल्यातील मोठा वाटा, म्हणजे विजेपेक्षाही थोडा जास्तच, कंडेन्सरच्या पाण्यात जातो. ६६० मेगावॅटच्या संचासाठी पाणी १० अंशांनी तापते असे धरले, तर ताशी सुमारे ६५ हजार घनमीटर पाणी फिरवावे लागते. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर.

पूर्वी अनेक केंद्रे नदीचे किंवा तलावाचे पाणी घेऊन ते गरम करून तसेच परत सोडत असत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो व जलचरांना ते बाधते. म्हणून १ जून १९९९ नंतर सुरू होणाऱ्या आणि नदी, तलाव वा जलाशयाचे पाणी वापरणाऱ्या औष्णिक केंद्रांना कूलिंग टॉवर बांधणे नियमाने बंधनकारक झाले. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या केंद्रांनाही तो नियम लागू केला. टॉवर म्हणजे तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरण्याची सोय.

२. डेझर्ट कूलर समजला की टॉवर समजला

विदर्भात घरोघरी टॉवरचे लहान भावंड उन्हाळ्यात खिडकीला लागलेले असते. कूलरच्या ताट्यांवरून पाणी खाली झिरपते, पंखा बाहेरची हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो, थोडे पाणी वाफ होऊन जाते व जाताना उष्णता घेऊन जाते. कूलरमध्ये आपल्याला थंड हवा हवी असते आणि टॉवरमध्ये थंड पाणी हवे असते, एवढाच फरक. भर दुपारी कूलरच्या टाकीत हात घालून पाहा. बाहेर ४४ अंश तापमान असताना ते पाणी गार लागते.

हे पाणी किती गार होऊ शकते याला मर्यादा आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की तो साध्या थर्मामीटरपेक्षा कमी तापमान दाखवितो. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. ओला टॉवर कोणत्याही बनावटीचा असो, तो पाणी वेट बल्ब तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. पुढील तीन शब्द विद्यार्थ्यांनी पाठच करावेत :

(१) रेंज : टॉवरमध्ये येणारे गरम पाणी व बाहेर पडणारे थंड पाणी यांच्या तापमानातील फरक.
(२) अ‍ॅप्रोच : बाहेर पडणारे थंड पाणी व वेट बल्ब यांच्या तापमानातील फरक.
(३) फिल : टॉवरच्या पोटात बसविलेल्या पट्ट्या किंवा नालीदार पत्रे, ज्यांवर पाणी पसरून त्याचा हवेशी जास्तीत जास्त संपर्क येतो. कूलरच्या ताटीचे काम टॉवरमध्ये फिल करते.

रेंज किती येईल हे मुख्यतः कंडेन्सरकडून येणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असते. टॉवर चांगला की वाईट हे अ‍ॅप्रोचवरून कळते. अ‍ॅप्रोच जितका कमी, तितका टॉवर चांगला. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारला जातो व येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. टॉवरचे गणित फ्रिड्रिख मेर्केल या जर्मन शास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडले आणि आजही त्याच पायावर टॉवरची आखणी होते.

३. हवा वर नेण्याचे तीन मार्ग

(अ) नैसर्गिक प्रवाहाचा टॉवर. कमरेशी बारीक व वर किंचित रुंद होत जाणारा काँक्रीटचा प्रचंड मनोरा आपण चित्रांत पाहिलेला असतो. त्याच्या आत कोणताही पंखा नसतो. फिल खालच्या थोड्या उंचीतच असते आणि वरचा सारा मनोरा पोकळ असतो. खालून हवा शिरते, गरम पाण्याच्या संपर्काने तापते, ओली होते, हलकी होते व वर चढते. तिच्या जागी बाहेरची हवा येते. चूल पेटल्यावर धुराड्यात ओढ निर्माण होते तसेच हे आहे. ओली हवा जड असते असा आपला समज असतो, पण ते खरे नाही. पाण्याच्या रेणूचे वजन १८ व हवेचे सरासरी वजन २९ असल्यामुळे, तापमान व दाब सारखे असताना ओली हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.

या आकाराचा पहिला टॉवर १९१८ मध्ये नेदरलँड्समधील हेर्लेन येथे एम्मा कोळसा खाणीवर उभा राहिला. फ्रेडरिक व्हान इटर्सन व गेरार्ड काउपर्स या इंजिनिअरांची ती कल्पना. हा आकार शोभेसाठी नाही. कमी जाडीच्या भिंतीतही तो भरपूर मजबुती देतो व खाली हवा शिरायला रुंद तोंड ठेवतो.

(आ) हवा ढकलणारा टॉवर. यात पंखा खाली, हवा शिरण्याच्या तोंडाशी असतो व तो हवा आत ढकलतो. पंखा व मोटर बाहेरच्या त्यामानाने कोरड्या हवेत असल्याने कमी गंजतात आणि जमिनीजवळ असल्याने दुरुस्ती सोपी जाते. दोष असा की वरून बाहेर पडणाऱ्या हवेला वेग नसतो. ती गरम ओली हवा तेथेच रेंगाळते व पंखा तिलाच पुन्हा आत ओढतो. खोलीचे दार-खिडक्या बंद ठेवून कूलर चालविला तर जे होते तेच येथे होते. शिवाय फिलमध्ये सगळीकडे हवा सारखी पोहोचत नाही. म्हणून ही रचना लहान कारखान्यांत किंवा इमारतीच्या आत जागा असेल तेथे वापरतात.

(इ) हवा ओढणारा टॉवर. यात पंखा माथ्यावर असतो व तो आतील हवा वर ओढून जोराने बाहेर फेकतो. एका रांगेत अनेक कप्पे आणि प्रत्येकावर एक मोठा पंखा, अशी मांडणी दिसते. गरम हवा वेगाने उंच फेकली जाते, त्यामुळे ती पुन्हा आत येण्याचे प्रमाण बरेच कमी होते व फिलमध्ये हवा सारखी विभागली जाते. दोष म्हणजे पंखा, गिअरबॉक्स व त्यांना जोडणारा लांब दांडा सदैव गरम दमट हवेत राहतात. पण एखादा कप्पा बंद ठेवून दुरुस्ती करता येते व हवामान थंड असेल तेव्हा काही पंखे थांबवून वीज वाचविता येते, ही मोठीच सोय आहे.

४. समोरासमोर की आडवी?

हवा कोण हलवितो हा एक प्रश्न झाला. हवा व पाणी एकमेकांना कसे भेटतात हा दुसरा, आणि विद्यार्थी नेमके हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात.

काउंटरफ्लो रचनेत पाणी वरून खाली व हवा खालून वर, अशी समोरासमोर गाठ पडते. सर्वांत थंड झालेल्या पाण्याला सर्वांत ताजी हवा मिळते आणि वर गरम पाण्याला तापलेली हवा मिळते. त्यामुळे प्रत्येक पायरीवर उष्णता देण्याघेण्यास वाव राहतो, कमी फिलमध्ये काम भागते व जागा कमी लागते. मात्र पाणी नोझलमधून दाबाने फवारावे लागते, म्हणून पंपाला जास्त जोर लागतो. नोझल फिलच्या वर झाकलेले असल्याने ते चोंदले तर लवकर लक्षात येत नाही.

क्रॉसफ्लो रचनेत पाणी खाली पडते व हवा बाजूने आडवी येते. आपला कूलर हा पंख्याने हवा ओढणारा क्रॉसफ्लो टॉवरच आहे. वरच्या उघड्या टाकीतून पाणी भोकांवाटे आपल्या वजनानेच खाली पडते. पंपाचा भार कमी, भोके स्वच्छ करणे सोपे, टॉवर चालू असतानाही पाहणी करता येते. पण जागा जास्त लागते, आणि उघड्या टाकीवर ऊन पडून शेवाळ वाढते. आपल्याकडचे ऊन पाहता हा दोष दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

५. मे महिना आणि जुलै महिना

आता आपल्या हवामानाकडे येऊ. पुस्तकातील तुलना बहुधा थंड देशांतील हवा धरून केलेली असते. आपण पूर्व विदर्भाची हवा धरून गणित करू.

मे महिन्याची दुपार : तापमान ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के असे समजू. वेट बल्ब येते सुमारे २३ अंश.
जुलैचा दिवस : तापमान ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. वेट बल्ब येते सुमारे २८ अंश.

पंख्याच्या टॉवरच्या दृष्टीने मे महिना जुलैपेक्षा बरा ठरतो. अंगाची लाही होत असली तरी पाणी अधिक थंड होऊ शकते. जुलैमध्ये घरचा कूलर निरुपयोगी होतो त्याचे कारणही हेच. वेट बल्ब कमी झाले की अ‍ॅप्रोच काहीसा वाढतो, म्हणून पाच अंशांचा पूर्ण फायदा मिळत नाही, पण फायदा मिळतो हे निश्चित.

नैसर्गिक प्रवाहाच्या टॉवरची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला ओढ मिळते ती बाहेरची हवा जड व आतली हलकी असल्यामुळे. एक घनमीटर हवेचे वजन काढून पाहू. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच धरला आहे.

जुलैमध्ये बाहेरच्या हवेचे वजन १.११ किलो येते. टॉवरमधली हवा ३६ अंश व पूर्ण ओली धरली तर तिचे वजन १.०८ किलो. फरक ०.०३ किलो. हवेचा स्तंभ १२० मीटर उंच असेल, तर ०.०३ गुणिले १२० म्हणजे दर चौरस मीटरला ३.६ किलो एवढी ओढ मिळते. पाण्याच्या स्तंभात हे फक्त ३.६ मिलिमीटर झाले. एवढ्याशा ओढीवर अवाढव्य टॉवरचे काम चालते; म्हणूनच तो इतका उंच बांधावा लागतो.

मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवा तापून आधीच हलकी झालेली असते. तिचे वजन १.०७ किलो. टॉवरमधली ३६ अंशांची ओली हवा १.०८ किलो, म्हणजे बाहेरच्यापेक्षा जड! अशी हवा वर चढणारच नाही. आतली हवा सुमारे ३८ अंशांपर्यंत तापली की दोन्ही बरोबरीत येतात व त्यापुढे तापली तरच ओढ सुरू होते. टॉवर बंद पडत नाही. हवेचा वेग मंदावतो, आतली हवा अधिक तापते आणि मग काम चालू राहते. पण त्याची किंमत म्हणून कंडेन्सरला जाणारे पाणी गरम राहते. म्हणून नैसर्गिक टॉवर दमट व थंड हवेत रमतो, कोरड्या कडक उन्हात थकतो. आपल्या भागासाठी टॉवर निवडताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

६. विजेचा हिशेब

मग नैसर्गिक टॉवर बांधायचाच कशाला? कारण पंख्यांना वीज लागते. केंद्र स्वतःच्या यंत्रांसाठी जी वीज वापरते तिचे प्रमाण केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवून देतो. हवा ओढणाऱ्या पंख्यांचे टॉवर असतील तर आयोगाच्या नियमांत त्यासाठी अर्धा टक्का जादा मुभा दिलेली आहे. ६६० मेगावॅटचा अर्धा टक्का म्हणजे ३.३ मेगावॅट. पूर्ण भाराने चोवीस तासांत ७९,२०० युनिट झाले. दरमहा १०० युनिट वापरणाऱ्या २३ हजारांहून अधिक घरांची ती वीज आहे, आणि केंद्र चालेल तितकी वर्षे हा खर्च चालू राहतो.

नैसर्गिक टॉवरला हा खर्च नाही. त्याला बांधकामाचा खर्च व वेळ जास्त लागतो, जागा मोठी लागते आणि वाऱ्याचा विचार फार काळजीने करावा लागतो. इंग्लंडमधील फेरीब्रिज येथे १ नोव्हेंबर १९६५ रोजी जोरदार वाऱ्यात आठपैकी तीन टॉवर कोसळले. टॉवर गटाने उभे असल्याने पुढच्या टॉवरांमधून वारा चिंचोळ्या वाटेने मागच्या टॉवरांवर आदळला, आणि आखणी करताना वाऱ्याच्या क्षणिक झोताऐवजी सरासरी वेग धरला होता, असे चौकशीत पुढे आले. आतील हवेचे गणित बरोबर व बाहेरच्या हवेचे चुकीचे, असा तो प्रकार होता. त्यानंतर जगभर टॉवरच्या आखणीचे नियम कडक झाले.

७. पाण्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक किलो पाणी १० अंशांनी निवविण्यासाठी १० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे ५७५ किलोकॅलरी उष्णता निघून जाते. सर्व उष्णता वाफेनेच काढायची तर १० भागिले ५७५, म्हणजे फिरणाऱ्या पाण्याच्या सुमारे पावणेदोन टक्के पाणी उडून जाईल. यात पंखा, मनोरा, समोरासमोर, आडवी यांपैकी कशाचाही उल्लेख आला नाही, हे लक्षात घ्यावे. उष्णता तेवढीच, म्हणून उडणारे पाणीही जवळजवळ तेवढेच.

थोडा फरक पडतो तो ऋतूमुळे. जुलैमध्ये बाहेरची हवा पाण्यापेक्षा थंड असल्याने थोडी उष्णता हवा तापण्यातच जाते. तेव्हा सुमारे दीड टक्का पाणी उडते. मे महिन्यात बाहेरची हवाच इतकी तापलेली असते की ती टॉवरमध्ये निवते आणि आपली उष्णताही पाण्यावर टाकते; तेव्हा उडणारे पाणी पावणेदोन टक्क्यांच्याही वर जाते. म्हणजे वैनगंगा सर्वांत रोडावलेली असते, त्याच महिन्यात टॉवर सर्वांत जास्त पाणी पितो.

ताशी ६५ हजार घनमीटरचा दीड टक्का म्हणजे ढोबळमानाने १००० घनमीटर. हे झाले उडून जाणारे पाणी. पण पाणी उडाले तरी त्यातील क्षार मागेच राहतात व साचत जातात. भाजीचा रस्सा आटला की खारट होतो तसे हे आहे. क्षार वाढले की नळ्यांवर पुटे चढतात, म्हणून काही पाणी मुद्दाम बाहेर सोडावे लागते. त्याला ब्लोडाउन म्हणतात. नदीच्या पाण्यापेक्षा टॉवरच्या पाण्यातील क्षार किती पट होऊ द्यायचे, त्या पटीला सायकल म्हणतात. हिशेब सोपा आहे : उडालेल्या पाण्याला सायकलमधून एक वजा करून भागावे, म्हणजे ब्लोडाउन मिळते.

२ सायकल : उडालेले १०००, सोडलेले १०००, एकूण २००० घनमीटर.
३ सायकल : उडालेले १०००, सोडलेले ५००, एकूण १५०० घनमीटर.
५ सायकल : उडालेले १०००, सोडलेले २५०, एकूण १२५० घनमीटर.

२ वरून ५ सायकलवर गेल्यास एका संचामागे ताशी ७५० घनमीटर, म्हणजे दिवसाला १ कोटी ८० लाख लिटर पाणी वाचते. हे पाणी हवेची वाट बदलून वाचत नाही. ते पाण्यावर नीट प्रक्रिया करून, रसायनशाळेत रोज तपासणी करून व गळती बुजवून वाचते. यासाठी केमिस्ट, ऑपरेटर व फिटर जागरूक लागतात.

२०१५ च्या अधिसूचनेने जुन्या केंद्रांना दर मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. म्हणजे विजेच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर. १ जानेवारी २०१७ नंतरच्या केंद्रांसाठी ती प्रथम २.५ होती, ती २०१८ मध्ये ३ करण्यात आली. या मर्यादा कागदावरच्या वाटत असतील तर परळीची आठवण ठेवावी. २०१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. याउलट नागपूरजवळच्या कोराडी केंद्रासाठी भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची योजना झाली. तिची क्षमता दररोज १३ कोटी लिटर आहे. तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी राहू शकते.

पाणी न उडविता निवविण्याचाही मार्ग आहे. मोटारगाडीच्या रेडिएटरसारखी वाफ थेट हवेने निववायची. यात पाणी फारच थोडे लागते. पण मोठमोठे पंखे लागतात, त्यासाठी आयोगाने एक टक्का जादा वीज मान्य केली आहे. शिवाय येथे मर्यादा वेट बल्बची नसून साध्या तापमानाची असते. मे महिन्यात ती २३ ऐवजी ४४ अंश होते, म्हणजे विजेची मागणी सर्वाधिक असतानाच उत्पादन घटते. पाणी वाचवावे तर वीज जाते व वीज वाचवावी तर पाणी जाते; कोणत्या नदीकाठी कोणते जास्त मोलाचे, हे ठरवावे लागते.

८. टॉवरवर काम करणाऱ्या बांधवांसाठी

टॉवर साफ करणे, फिल बदलणे, गाळ काढणे ही कामे बहुधा कंत्राटी मजूर करतात आणि त्यांत आपल्या वस्त्यांतील तरुण असतात. त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली : पंखा बंद दिसला म्हणून आत उतरू नये. विजेचा पुरवठा तोडून, कुलूप लावून, लेखी परमिट मिळाल्यावरच उतरावे. पुरवठा तोडलेला असला तरी नुसत्या वाऱ्यानेही मोठा पंखा फिरू शकतो, म्हणून तो जागीच अडकवून ठेवलेला असावा.

दुसरी : टॉवरच्या तुषारांना साधे पाणी समजू नये. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांत न्यूमोनियासारखा आजार पसरून अनेक जण दगावले. पुढे त्याचा जंतू सापडला व त्याला लिजिओनेला नाव मिळाले. कोमट, अस्वच्छ पाण्यात तो वाढतो व बारीक तुषारांवाटे फुप्फुसात जातो. म्हणून पाण्यात जंतुनाशक वेळेवर घालणे, तुषार अडविणाऱ्या जाळ्या शाबूत ठेवणे आणि साफसफाई करताना योग्य मास्क वापरणे आवश्यक आहे. मास्क मागणे हा भित्रेपणा नव्हे, तो हक्क आहे.

९. समारोप

थोडक्यात सांगायचे तर हवा कोणत्या वाटेने न्यायची यावर वीज, जागा, बांधकामाचा खर्च आणि उन्हाळ्यातील कामगिरी ठरते. नदीतून किती पाणी उचलले जाईल हे मात्र मुख्यतः किती उष्णता फेकायची व किती सायकल ठेवायच्या यावर ठरते. टॉवर उंच व भव्य आहे म्हणून पाणी वाचते, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये.

एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी होते तेव्हा आपण बहुधा नोकऱ्या व मोबदला यांबद्दलच बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण त्याबरोबर पुढील प्रश्नही विचारावेत : टॉवर कोणत्या प्रकारचा? मे महिन्यात थंड पाण्याचे तापमान किती धरले आहे? सायकल किती? एका युनिटमागे पाणी किती लिटर? ब्लोडाउनचे पाणी कोठे जाणार? सांडपाणी शुद्ध करून वापरता येईल का? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते आणि १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक ऊर्जा मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. पाणी आणि वीज या दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो, हे त्या खात्याच्या रचनेतच होते. आपल्या मुलांनी टॉवरमधला गाळ काढण्यापुरतेच तेथे जाऊ नये. टॉवरची आखणी करण्यासाठी, पाण्याची तपासणी करण्यासाठी व नियम लिहिण्यासाठीही जावे.

स्वाध्याय

(१) रेंज व अ‍ॅप्रोच यांतील फरक सांगा. टॉवरची गुणवत्ता कशावरून ठरते?
(२) आपल्या घरचा कूलर कोणत्या प्रकारच्या टॉवरसारखा आहे? का?
(३) नैसर्गिक टॉवर मे महिन्याच्या दुपारी मंदावतो याचे कारण हवेच्या वजनावरून स्पष्ट करा.
(४) ताशी ८०० घनमीटर पाणी उडत असेल आणि सायकल ५ असतील, तर एकूण किती पाणी लागेल? (उत्तर : १००० घनमीटर)
(५) येत्या मे व जुलैमध्ये दोन थर्मामीटर घेऊन, एकाला ओले फडके गुंडाळून, रोज दुपारी दोन वाजता नोंद करा. आपल्या गावाचे वेट बल्ब तापमान आपण स्वतः मोजलेले असावे.